दऱ्यांचा दर्या करणारा नियम

२०१४ च्या ऑगस्ट महिन्यात दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. महिन्याच्या सुरुवातीला जीमेलने जाहीर केले की इंग्रजीबाहेरच्या लिप्यांतील ईमेल पत्त्यांवर आता पत्र पाठवता येईल आणि तिकडून आलेले पत्र स्वीकारताही येईल. २७ तारखेला '.भारत' हे देवनागरी डोमेन खुले झाले. हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी, मैथिली, बोडो, डोगरी आणि सिंधी अशा आठ भाषांना ते एकदम लागू झाले. २०१६ मध्ये जयपूरच्या डेटा एक्सजेन कंपनीने भारतीय लिप्यांत पत्ते देणारी 'डेटामेल' सेवा आणली. २०१७ च्या अखेरीस राजस्थान सरकारने नागरिकांना 'राजस्थान.भारत' वरचे पत्ते देऊ केले. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंधरा भारतीय भाषांतले पत्ते आउटलुकमध्ये चालतील, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले.

पत्राचा मजकूर आपल्या लिपीत आला, पत्ताही आला. राहिला तो पासवर्ड. गूगलच्या खात्याचा पासवर्ड कोणता चालेल, याचा नियम त्यांच्या मदतपानावर स्पष्ट लिहिलेला आहे: फक्त ॲस्कीतली अक्षरे, म्हणजे इंग्रजी मुळाक्षरे, अंक आणि कीबोर्डावरची नेहमीची चिन्हे. ज्या कंपनीने देवनागरी पत्त्याला दार उघडले, तिच्याच दाराची किल्ली देवनागरीत असू शकत नाही. आणि ही एकट्या गूगलची गोष्ट नाही. ईमेल पाठवणाऱ्या आणि आणणाऱ्या ज्या तयार लायब्ररी जगभरचे प्रोग्रामर वापरतात, त्यांतल्या अनेकींनी मराठी किंवा कन्नड पासवर्ड पुढे येताच वर्षानुवर्षे एकतर मान टाकली आहे किंवा चुपचाप भलतेच बाइट पुढे पाठवले आहेत.

हे कसे झाले, हे बेंगळुरूच्या वाटेने पाहणे मला महत्त्वाचे वाटते. जगाच्या लॉगिन पानांचा मोठा हिस्सा या शहरात लिहिला जातो, तपासला जातो, दुरुस्त होतो. त्या कामात मराठी मुलेमुली भरपूर आहेत. आणि कन्नड व मराठी या शेजारी भाषा एकाच नियमाच्या दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांत अडकल्या आहेत.

सुरुवात होते ऑगस्ट १९८२ मध्ये. अमेरिकेत जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ८२१ हा इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज लिहिला आणि ईमेल एका यंत्राकडून दुसऱ्याकडे नेण्याची पद्धत, म्हणजे एसएमटीपी, ठरवून दिली. अक्षरांसाठी त्यांनी सात बिटांचे ॲस्की धरले. सात बिटांत १२८ जागा होतात. इंग्रजीला त्या पुरून उरतात, बाकी कुणाला पुरत नाहीत. आठवा बिट शून्य ठेवायचा होता, आणि वाटेतली कितीतरी यंत्रे तो छाटूनच टाकत. त्या पद्धतीत पत्र पाठवणाऱ्याला पासवर्ड विचारलाच जात नसे, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जाळे छोटे होते, सगळे एकमेकांना ओळखत होते. पासवर्ड लागे तो आलेली पत्रे उघडायला. म्हणजे पासवर्डाचा विचार ईमेलच्या पायात नव्हता, तो नंतर वरून बसवला गेला. पुढच्या बऱ्याच गोंधळाचे मूळ इथे आहे.

भारतात हे जाळे आले ते १९८६ च्या अर्नेट प्रकल्पातून. इलेक्ट्रॉनिक्स विभाग, मुंबईची एनसीएसटी, पाच आयआयटी आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था अशा आठ संस्था त्यात होत्या. १९८७ मध्ये मुंबईत एनसीएसटी आणि आयआयटी यांच्यात ईमेल सुरू झाली. १९८९ मध्ये जुहूच्या एनसीएसटीपासून अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत सेकंदाला ९६०० बिटांची भाड्याची लाइन आली. या यंत्रांवर चालत होते युनिक्स, आणि युनिक्सबरोबर त्याची पासवर्ड सांभाळण्याची १९७० च्या दशकातली रीतही आली. त्या रीतीत पासवर्डाचे पहिले आठ बाइट घ्यायचे, प्रत्येकाचे खालचे सात बिट ठेवायचे, आणि त्यातून गणिताने एक सांकेतिक ठसा काढून तेवढाच साठवायचा. मूळ पासवर्ड कुठेच ठेवायचा नाही. कल्पना उत्तम होती. फक्त तिला आठवा बिट माहीत नव्हता.

याच वर्षांत आपल्याकडे आठव्या बिटावर फार मोठे काम उभे राहत होते. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी भारतीय लिप्यांना संगणकावर आणत होते. ते काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये 'जिस्ट' या नावाने वाढले, आणि १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक प्रसिद्ध झाले. त्यात खालच्या १२८ जागा इंग्रजीला होत्या, वरच्या जागांत साऱ्या ब्राह्मी कुळातल्या लिप्या. मराठी 'क', कन्नड 'क', बंगाली 'क' या सगळ्यांना एकच संकेतांक दिला होता. लिपी बदलली की फक्त दिसणे बदले. या देशाच्या लिप्यांचे नाते ओळखून केलेली ती मांडणी होती, आणि मला ती आजही फार देखणी वाटते.

पण ती वरच्या १२८ जागांत बसली होती, आणि ईमेल वरचा बिट कापत होती. इस्कीतल्या 'क'चा आठवा बिट छाटला की उरतो तो इंग्रजी ३ या अंकाचा संकेतांक. 'ख'चा होतो ४, 'ग'चा ५. कुणी इस्कीत 'कखग' लिहून पाठवले आणि वाटेत बिट गळाला, तर समोर ३४५ पोहोचे. पासवर्डाचे तर त्याहून वाईट. जुन्या युनिक्सने ठसा काढताना आठवा बिट टाकलेला असल्यामुळे 'कखग' असा पासवर्ड ठेवणाऱ्याचे खाते ३४५ टाकूनही उघडले असते.

१९९२ मध्ये नेथनियल बोरेन्स्टीन आणि नेड फ्रीड यांनी 'माइम' आणले आणि पत्राच्या मजकुराचा प्रश्न सुटला. कोणतेही बाइट इंग्रजी अक्षरांच्या सुरक्षित वेष्टनात गुंडाळायचे, आणि आत कोणती लिपी आहे ते वर लिहायचे. मजकूर सुटला, कारण मजकूर माणूस वाचतो. एखादे अक्षर बिघडले तरी माणूस अर्थ लावून घेतो. पासवर्ड वाचते यंत्र, आणि यंत्राकडे केवळ ठसा असतो. एक बिट जरी वेगळा आला तरी ठसा पार बदलतो. 'जवळपास बरोबर' अशी अवस्था तिथे नसते. सर्व्हरला चूक झाल्याचे कळते, पण कसली चूक ते कळू शकत नाही, आणि तो माणसाला एवढेच सांगतो की पासवर्ड चुकला.

नव्वदच्या दशकात भारतीय भाषांचा व्यवहार इस्कीवरही फारसा चालला नाही. तो चालला फॉन्टवर. बेंगळुरूच्या सायबरस्केप मल्टिमीडियाची 'आकृती' आणि पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची 'श्रीलिपी' महाराष्ट्रातल्या छापखान्यांत आणि कचेऱ्यांत घरच्यासारखी वावरली. कर्नाटकात 'बरह' आले, मग कन्नड गणक परिषदेचे 'नुडी' आले. नुडीचा कीबोर्ड के. पी. राव यांच्या ध्वन्यनुसारी मांडणीवर बेतलेला होता आणि कर्नाटक सरकारने तीच मांडणी प्रमाण मानली. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात काम केलेले यू. बी. पवनज यांनी १९९६ मध्ये 'विश्वकन्नड' हे इंटरनेटवरचे कन्नड नियतकालिक सुरू केले, तेही याच काळात. या फॉन्टांच्या व्यवस्थेत संगणकाच्या पोटात इंग्रजी किंवा युरोपीय अक्षरांचे संकेतांकच असत आणि पडद्यावर त्यांना देवनागरी किंवा कन्नड रूप मिळे. पासवर्डाच्या चौकटीत तर नुसते ठिपके. तिथे फॉन्ट असला काय, नसला काय. त्यामुळे त्या काळात कुणी मराठी कळा दाबून पासवर्ड ठेवलाच, तर तो आत इंग्रजी अक्षरांचे कडबोळे होऊन बसे आणि बिनबोभाट चाले. समस्या होती, पण झाकलेली होती.

ती उघडी पडली युनिकोडमुळे. १९९१ पासून युनिकोडने भारतीय लिप्या घेतल्या त्या इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून, पण प्रत्येक लिपीला स्वतंत्र जागा दिली. आता मराठी 'क' आणि कन्नड 'क' वेगळे झाले, फॉन्ट कोणताही असो मजकूर तोच राहू लागला. आपल्या भाषांना मिळालेली ही फार मोठी देणगी आहे. तिच्या पोटात मात्र पासवर्डासाठी एक अडचण होती: एकच दिसणारा शब्द एकाहून अधिक तऱ्हांनी लिहिला जाऊ शकतो.

'दऱ्या' हा शब्द घ्या. सह्याद्रीतल्या दऱ्या. यातला 'य'ला चिकटलेला आडव्या रेघेचा 'र' मराठीचे खास लेणे आहे. युनिकोडमध्ये तो तीन प्रकारे उमटतो. पहिला: 'ऱ' या अक्षराला स्वतःचा संकेतांक आहे, ०९३१. तो लिहून त्याचा पाय मोडायचा, पुढे 'या'. दुसरा: साधा 'र', त्याखाली नुक्ता, मग पाय मोडायचे चिन्ह. तिसरा: साधा 'र', पाय मोडायचे चिन्ह, आणि त्यापुढे 'शून्य रुंदीचा जोडक' नावाचे अदृश्य चिन्ह. हा तिसरा मार्ग १९९६ च्या युनिकोड २.० शी जुळवून घेण्यासाठी राखलेला आहे. पडद्यावर तिन्ही 'दऱ्या' सारख्याच दिसतात. यूटीएफ-८ या रूढ पद्धतीत पहिल्याचे १५ बाइट होतात, दुसऱ्याचे आणि तिसऱ्याचे १८, तेही एकमेकांहून वेगळे. घरच्या संगणकावर एका कीबोर्डाने ठेवलेला पासवर्ड बेंगळुरूच्या कचेरीत दुसऱ्या कीबोर्डाने टाकला तर ठसा जुळणार नाही. आणि चौकटीत ठिपकेच दिसत असल्यामुळे आपले काय चुकले, हे त्या माणसाला कधीही कळणार नाही.

इकडे ईमेलच्या बाजूने काय चालले होते? स्पॅम वाढल्यावर पत्र पाठवणाऱ्यालाही ओळख विचारणे भाग पडले. मार्च १९९९ मध्ये एसएमटीपीला ओळख पटवण्याची सोय जोडली गेली. या सोयीत नाव आणि पासवर्ड बेस-६४ या वेष्टनात गुंडाळून जातात, म्हणजे कोणतेही बाइट सुखरूप पोहोचू शकतात. सात बिटांची १९८२ ची अडचण इथे संपली होती. प्रश्न फक्त एवढाच उरला होता की अक्षरांचे बाइट कोणत्या पद्धतीने करायचे. तो प्रश्न कुणी नीट सोडवला नाही. 'लॉगिन' नावाची सर्वांत जास्त वापरली गेलेली रीत तर कधी मानक म्हणून प्रसिद्धच झाली नाही, मग तिची अक्षरपद्धत कोण ठरवणार?

ज्याचे नियमात उत्तर नव्हते, ते लायब्ररी लिहिणाऱ्यांनी आपापल्या समजुतीने दिले. जावामेल ही जावातली ईमेलची मुख्य लायब्ररी. बेंगळुरूच्या कंपन्यांनी बँकांपासून विमा कंपन्यांपर्यंत सगळ्यांसाठी जावात जे लिहिले, त्यातली बरीच पत्रे तिच्यामार्फत गेली. तिच्या जुन्या आवृत्त्या पासवर्डाच्या प्रत्येक अक्षराचा दोन बाइटी संकेतांक घेऊन वरचा बाइट सोडून देत आणि खालचा तेवढा पाठवत. इंग्रजीसाठी वरचा बाइट शून्यच असतो, त्यामुळे कुणाला काही जाणवले नाही. आपल्या लिप्यांत मात्र वरचा बाइट गेला की लिपीच गेली. मराठी 'क' आहे ०९१५, तेलुगू 'क' ०सी१५, मल्याळम 'क' ०डी१५. वरचा भाग टाकला की तिघांचा उरतो १५. कन्नड, तमिळ, गुजराती आणि बंगाली 'क' यांचा उरतो ९५. इस्कीने जाणूनबुजून जोडलेल्या लिप्या इथे एका निष्काळजी ओळीने चुकून पुन्हा एक झाल्या. सर्व्हरवर पासवर्ड यूटीएफ-८ मध्ये ठेवलेला असेल, तर अर्थातच खाते उघडत नसे. पुढे २०१७ च्या १.६ या आवृत्तीत जावामेलने यूटीएफ-८ ला आधार दिला.

पायथनची कथा वेगळी. डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३ आले आणि त्याने अक्षरे वेगळी, बाइट वेगळे अशी स्वच्छ फोड केली. आधीच्या पायथनमध्ये जे बाइट मिळत ते तसेच पुढे जात, आणि नशिबाने अनेकदा चालूनही जात. आता प्रोग्रामला ठरवावेच लागले की अक्षरांचे बाइट कसे करायचे. त्याच्या 'एसएमटीपीलिब' या भागात ओळख पटवताना ॲस्की ठरवले गेले. पासवर्डात एक जरी मराठी अक्षर असले तरी लायब्ररी सर्व्हरपर्यंत जातच नसे. ॲस्कीत हे अक्षर बसवता येत नाही, असे सांगून ती जागीच थांबे. अनेक वर्षे हे तसेच राहिले. तरीही माझ्या मते पायथनची चूक जावामेलच्या चुकीपेक्षा बरी. थांबलेला प्रोग्राम निदान दोष कुठे आहे ते दाखवतो. गुपचूप बाइट गाळणारा प्रोग्राम माणसाला स्वतःच्या स्मरणशक्तीवर शंका घ्यायला लावतो.

नियम करणारे गप्प बसले नव्हते. फेब्रुवारी २००५ मध्ये कर्ट झेलेंगा यांचा आरएफसी ४०१३ आला. त्याचे नाव 'सासलप्रेप'. पासवर्ड तपासण्याआधी त्यातली अक्षरे एका ठरावीक रूपात आणायची, म्हणजे कीबोर्ड कोणताही असो, बाइट तेच होतील, असा त्याचा हेतू. पुढच्या वर्षी आरएफसी ४६१६ ने 'प्लेन' या ओळख पटवण्याच्या रीतीसाठी यूटीएफ-८ पक्के केले आणि सासलप्रेपची शिफारस केली. सात वर्षे लोंबकळलेल्या प्रश्नाला अखेर उत्तर मिळाले होते.

'दऱ्या'च्या पहिल्या दोन प्रकारांना हे उत्तर लागू पडते. नुक्त्याचा 'र' आणि स्वतंत्र 'ऱ' एकाच रूपात येतात. तिसऱ्या प्रकाराचे मात्र भलतेच होते. सासलप्रेपच्या तक्त्यात काही अदृश्य चिन्हे सरळ पुसून टाकायला सांगितली आहेत, कारण जे माणसाला दिसत नाही त्याने पासवर्डात फरक पडू नये. त्या यादीत शून्य रुंदीचा जोडकही आहे. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन लिहिणाऱ्याला हा विचार पटेल. पण मराठीत तो जोडक स्वतः दिसत नसला तरी त्याचे काम दिसते. तो पुसला की 'र'चा रफार होतो आणि 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. डोंगरातल्या दऱ्यांच्या जागी समुद्र येतो. स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांना आणि विद्या देणाऱ्या आचार्यांना वेगळे ठेवणारी खूण हा नियम मिटवून टाकतो. सुरक्षेच्या दृष्टीने नुकसान थोडे आहे, हे मान्य. पण एक सर्व्हर नियम पाळतो आणि दुसरा पाळत नाही, अशा जगात या पुसण्याचा परिणाम एकच होतो: खाते उघडत नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. सासलप्रेप २००२ च्या युनिकोड ३.२ ला कायमचा बांधलेला होता. त्यानंतर युनिकोडमध्ये आलेले अक्षर त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. एप्रिल २००८ मध्ये युनिकोड ५.१ आले आणि त्यात मराठीचा 'ॲ' आला, संकेतांक ०९७२. ॲप, ॲडव्होकेट, ॲसिड या शब्दांत आपण रोज वापरतो तो. त्याआधी लोक 'अ' लिहून त्यावर चंद्र देत. नवे अक्षर आणि जुनी जोडणी दिसायला एकच, पण युनिकोडच्या हिशेबात ही दोन रूपे समान मानलेली नाहीत. त्यामुळे कोणतीही रूपसमानता लावली तरी ती एक होत नाहीत. आणि सासलप्रेप अक्षरशः पाळणाऱ्या सर्व्हरवर नवा 'ॲ' असलेला पासवर्ड साठवायलाच मनाई होती, कारण त्याच्या तक्त्यात ही जागा रिकामी होती. मराठीला हक्काचे अक्षर मिळाले आणि पासवर्डाच्या नियमाने ते ओळखायला नकार दिला.

जोडक पुसण्याच्या चुकीची जाणीव आधी झाली ती डोमेन नावांच्या क्षेत्रात, कारण तिथलाही २००३ चा नियम हीच अक्षरे पुसत होता. फारसी आणि भारतीय लिप्यांची अडचण ध्यानात घेऊन २०१० मध्ये डोमेनचे नवे नियम आले. त्यांत जोडक चालेल असे ठरले, पण एका अटीवर: त्याच्या लगेच आधी पाय मोडायचे चिन्ह हवे. याच विचारावर पीटर सेंट-आंद्रे आणि अलेक्सी मेलनिकोव्ह यांनी २०१५ मध्ये पासवर्डाचे नवे नियम लिहिले, आणि २०१७ मध्ये ते आरएफसी ८२६५ म्हणून सुधारून आले. ते युनिकोडच्या एका आवृत्तीला बांधलेले नाहीत, त्यामुळे 'ॲ'ला जागा मिळाली. मराठी जोडक पाय मोडायच्या चिन्हानंतरच येतो, त्यामुळे दऱ्याही वाचल्या.

कन्नड मात्र पुन्हा अडकली. कन्नडमध्ये 'रँक', 'रॅली' असे इंग्रजी शब्द लिहिताना 'र' पूर्ण उभा ठेवून त्याखाली 'य'ची खूण द्यावी लागते. साधी जोडणी केली तर 'र'ची अर्कावत्तु होते, म्हणजे आपल्या रफाराची कन्नड बहीण, आणि शब्द चुकीचा दिसतो. ते टाळायला युनिकोडने कन्नडसाठी क्रम ठरवला तो असा: आधी 'र', मग जोडक, मग पाय मोडायचे चिन्ह. मराठीच्या उलट. म्हणजे कन्नड 'रँक'मध्ये जोडकाच्या आधी 'र' असतो, आणि नव्या नियमाला तिथे पाय मोडायचे चिन्ह हवे असते. नियम अक्षरशः लावला तर परीक्षेच्या निकालाच्या दिवशी बेंगळुरूच्या प्रत्येक कन्नड वर्तमानपत्रात छापला जाणारा हा शब्द पासवर्ड म्हणून नाकारला जाईल. मराठीला तारणारी अट शेजारणीला मारते. चांगल्या हेतूने, अभ्यासू माणसांनी लिहिलेल्या नियमात हे घडले, म्हणून ते जास्त ध्यानात ठेवायला हवे.

आयमॅप, म्हणजे पत्रपेटीतली पत्रे वाचण्याची पद्धत, हिच्या बाजूचा निकालही सांगायला हवा. तिची साधी 'लॉगिन' आज्ञा अनेक लायब्ररी सवयीने वापरतात. २०१३ च्या आरएफसी ६८५५ ने पत्रपेटीला यूटीएफ-८ दिले, पण ही आज्ञा वाढवली नाही. नाव किंवा पासवर्ड ॲस्कीबाहेरचा असेल तर 'ऑथेंटिकेट' ही दुसरीच आज्ञा वापरा, असे त्यात बजावले आहे. ज्या प्रोग्रामरने हे कलम वाचले नाही त्याची लायब्ररी इंग्रजी पासवर्डावर निर्दोष चालते, आणि त्याच्या सगळ्या चाचण्या इंग्रजीतच असतात.

पासवर्ड साठवण्याच्या बाजूनेही भारतीय लिप्यांना जास्त किंमत मोजावी लागते. देवनागरीचे आणि कन्नडचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. आठ बाइटांच्या जुन्या युनिक्स रीतीत मराठी पासवर्डाची पहिली दोन चिन्हे पूर्ण मावत. तिसऱ्याचे पहिले दोन बाइट येत, पण ते देवनागरीच्या बहुतेक मूळ अक्षरांना सामाईक असतात. म्हणजे राखणदारी दोनच चिन्हांची. १९९९ पासून प्रचारात असलेली 'बीक्रिप्ट' ही रीत ७२ बाइट घेते, त्यात २४ मराठी चिन्हे बसतात. काना, मात्रा, पाय मोडायचे चिन्ह हे सगळे त्यात वेगळे मोजले जाते.

जून २०१७ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेने पासवर्डाची मार्गदर्शक तत्त्वे नव्याने लिहिली, तेव्हा युनिकोड अक्षरे स्वीकारावीत, प्रत्येक संकेतांक एक अक्षर म्हणून मोजावा आणि ठसा काढण्यापूर्वी रूप एकसारखे करावे, असे त्यात आले. पण तोवर मोठ्या कंपन्या पासवर्डापासूनच दूर निघाल्या होत्या. ३० मे २०२२ पासून गूगलने दुसऱ्यांच्या ईमेल प्रोग्रामांना नुसत्या नाव आणि पासवर्डाने आत येणे बंद केले. १ ऑक्टोबर २०२२ पासून मायक्रोसॉफ्टनेही एक्सचेंज ऑनलाइनमध्ये जुनी रीत मिटवायला घेतली. आता ब्राउझरमध्ये ओळख पटते आणि लायब्ररीला मिळते ते यंत्राने बनवलेले टोकन. ज्यांना जुनीच रीत हवी त्यांना गूगल 'ॲप पासवर्ड' देते: सोळा लहान इंग्रजी अक्षरे. सुरक्षेच्या दृष्टीने हा बदल योग्यच होता. लिपीचा प्रश्न मात्र त्याने सोडवला नाही, त्याला वळसा घातला. आणि भारतातल्या शाळा, सहकारी संस्था, लहान कंपन्या, सरकारी खाती यांतल्या अनेकांचे स्वतःचे ईमेल सर्व्हर आजही साध्या पासवर्डावरच चालतात.

कुणी म्हणेल, मराठी माणूस मराठी पासवर्ड मागतोच कुठे? मॅकवर पासवर्डाच्या चौकटीत गेले की देवनागरी कीबोर्डच बाजूला होतो, अनेक ठिकाणी इंग्रजी अक्षरांशिवाय पुढे जाता येत नाही, मग मागणी दिसणार कशी? दार बंद ठेवून कुणी येत नाही म्हणण्यासारखे आहे ते. आणि ज्याला इंग्रजी येत नाही त्याच्याकडे आज पर्याय कोणता आहे? तो मोबाइल नंबर किंवा मुलाचे नाव आणि जन्मसाल रोमन लिपीत लिहून ठेवतो, आणि तेच सगळ्यात आधी फुटते. आजीच्या ओवीतले चार शब्द त्याला सहज आठवतील आणि चोराला कधी सुचणार नाहीत. ते वापरण्याची सोय आपण त्याला दिलेली नाही.

दुरुस्ती अवघड नाही. अक्षरांचे बाइट यूटीएफ-८ मध्येच करायचे, ठसा काढण्यापूर्वी युनिकोडचे एनएफसी हे एकसारखे रूप द्यायचे, जोडक पुसायचा नाही, पासवर्ड पाहण्याचे बटण द्यायचे, आणि आयमॅपला 'ऑथेंटिकेट' आज्ञेनेच भेटायचे. कन्नडच्या जोडकाची अट बदलायला मानक संस्थेपुढे जावे लागेल, आणि ते काम बेंगळुरूइतके दुसरे कोणते शहर करू शकेल? बेंगळुरूत, पुण्यात, हैदराबादेत लॉगिनची पाने आणि ईमेलच्या लायब्ररी लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आपल्या मुलामुलींना माझे एवढेच सांगणे आहे: चाचण्यांच्या यादीत उद्याच तीन शब्द घाला. तिन्ही प्रकारांनी लिहिलेला 'दऱ्या', दोन्ही प्रकारांनी लिहिलेला 'ॲप', आणि शेजारच्या टेबलावरच्या कन्नड सहकाऱ्याकडून लिहून घेतलेला 'रँक'. त्यांतला एक जरी नाकारला गेला, तर तो दोष म्हणून नोंदवा आणि दुरुस्त होईपर्यंत बंद करू नका.